कमी विकणारा माणूस

लॅमिंग्टन रोडवरच्या एका काउंटरवर मी दहा हजार रुपये ठेवले आणि म्हटलं, "यात जेवढं चांगलं बसेल तेवढं बसवा." कॉम्प्युटरमधलं मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. सोबतच्या माझ्या मुलाला कळत होतं, पण त्याला सगळंच हवं होतं. असं गिऱ्हाईक समोर आल्यावर दुकानदाराने काय करावं याला कुणाची आडकाठी नसते. त्या माणसाने आम्ही मागितलं त्यापेक्षा कमी विकलं, आणि जे विकलं ते का विकलं याचा हिशेब मांडून दाखवला. पतसंस्थेत कर्जखाती सांभाळण्यात माझी नोकरी गेली. कुणाकडून किती येणं आहे ते मी झोपेतही सांगू शकते. हे एक देणं मात्र माझ्या नावावर कायमचं राहणार आहे, आणि ते राहावं असंच मला वाटतं.

कॉम्प्युटर मूळचा माझ्या धाकट्या भावाचा. २०१२ साली नोकरीचे पहिले काही पगार साठवून त्याने तो असेंबल करून घेतला होता. इंटेलचा आयथ्री-२१२० प्रोसेसर, एच-६१ चिपसेटचा बोर्ड, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्डडिस्क आणि रेडिऑनचं एचडी ६६७० ग्राफिक कार्ड. त्या काळात मध्यमवर्गीय घरातल्या मुलाला गेम खेळण्यासाठी परवडेल असा तो संच होता, आणि त्याने तो फार निगुतीने वापरला. माझा मुलगा तेव्हा बालवाडीत होता. मामाच्या मांडीवर बसून तो 'क्रिकेट ०७' बघायचा. तो गेम तेव्हाही जुनाच होता, पण आपल्याकडची एक अख्खी पिढी त्याच्यावर वाढली. पुढे भाऊ बेंगळुरूला गेला आणि जाताना म्हणाला, "ताई, हा भाच्याला राहू दे."

मुलाने खरा जीव लावला तो लॉकडाऊनमध्ये. दिवसभर मोबाइलवर शाळा आणि संध्याकाळी मामाच्या कॉम्प्युटरवर 'रॉकेट लीग'. मोटारींनी फुटबॉल खेळायचा असतो त्यात. त्याचा शेजारच्या इमारतीतला जिवलग मित्र त्याच सुमारास वडिलांच्या बदलीमुळे नागपूरला गेला होता. ही दोन मुलं रोज सात वाजता त्या मैदानावर भेटत, भांडत, पुन्हा एका संघात येत. 'गेमचं व्यसन' म्हणून जे बोललं जातं ते मीही ऐकलेलं होतं. पण दार बंद असलेल्या त्या वर्षात मुलगा मोठ्याने हसतो तो याच एका तासात, हे मी डोळ्यांनी बघत होते. म्हणून २०२१ मध्ये पडद्यावर उभे पट्टे येऊन ग्राफिक कार्ड गेलं, तेव्हा मला ते घरातलं माणूस आजारी पडल्यासारखं लागलं.

प्रोसेसरमध्ये आपली अशी थोडी ग्राफिक्स असतात, त्यांच्यावर पडदा दिसायचा. 'रॉकेट लीग' मात्र उघडेना. त्या गेमला आता डायरेक्टएक्स ११ लागत होतं आणि २०११ सालच्या त्या आयथ्रीला १०.१ च्या पुढचं येत नव्हतं. नवीन कार्ड घ्यावं तर ते सगळ्यांत वाईट वर्ष. जगभर चिपची टंचाई, त्यात इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग करणारे लोक कार्डं घाऊक उचलत होते. जुन्या, वापरलेल्या कार्डालाही नव्याच्या वर भाव. आमच्या घरात फ्लॅटचा हप्ता आणि मुलाची दहावी. मुलाने एकदाही हट्ट केला नाही, तेच जास्त लागायचं.

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि त्याचं कार्डांवरचं मायनिंग एका दिवसात संपलं. मायनिंगला जुंपलेली कार्डं बाजारात येऊन पडली, भाव उतरले. दिवाळीनंतर माझी भिशी लागली. त्यातले दहा हजार मी बाजूला काढले आणि मुलाला म्हटलं, यादी कर.

त्याने केलेली यादी अजून माझ्याकडे आहे. वहीच्या पानावर, वळणदार अक्षरात: आयसेव्हन-३७७० प्रोसेसर, सोळा जीबी रॅम, आरएक्स ५८० आठ जीबी (वापरलेलं), काचेचं कॅबिनेट, रंगीत दिव्यांचे पंखे. पुढे प्रत्येकाची किंमत आणि खाली बेरीज. दहा हजारांत बसवण्यासाठी त्याने किमती कुठे कुठे ओढूनताणून कमी केलेल्या होत्या. रोज कर्जाचे अर्ज बघणाऱ्या माणसाला ते लगेच दिसतं.

कॅबिनेटच्या आत भावाने जुनं बिल दुमडून ठेवलेलं होतं. त्यावरचा शिक्का वाचून आम्ही निघालो. कॅबिनेट जुन्या चादरीत बांधलं, डोंबिवलीहून दादर, तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड. लॅमिंग्टन रोडचं सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते फक्त पाट्यांवर. १९०३ ते १९०७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव लोकांच्या जिभेवरून हटलेलं नाही. रस्त्यावर येताच हाका सुरू होतात: मॅडम लॅपटॉप, मॅडम प्रिंटर, सीसीटीव्ही. त्यातून वाट काढत आम्ही एका जुन्या इमारतीच्या पोटमाळ्यावर पोचलो. अरुंद लाकडी जिना, आणि वर दोन माणसं बसतील एवढा गाळा.

दुकान चालवणारे काका साठीच्या आसपासचे. देवगडकडचे. बोलण्यात मालवणी हेल. भावाचं बिल त्यांनी हातात घेतलं, उलटसुलट बघितलं आणि म्हणाले, "बोर्ड मीच लावलेला. चालू आहे ना अजून?" मग मुलाने यादी पुढे केली. त्यांनी ती वाचली, चष्मा वर सरकवला आणि पहिला प्रश्न विचारला, "झिला, खेळतोस काय?"

तो प्रश्न तोवर कुणीच विचारलेला नव्हता. मी नाही, आणि ज्यांचे व्हिडिओ बघून यादी तयार झाली होती त्यांनीही नाही. मुलाने 'रॉकेट लीग' सांगितलं, 'व्हॅलोरंट' सांगितलं. मॉनिटर कुठला, हेही काकांनी विचारलं. मग कॉम्प्युटर सुरू केला, टास्क मॅनेजर उघडला आणि आम्हाला स्टुलावर बसवून नुसता बघायला लावला. डिस्कच्या ओळीपुढे शंभर टक्के. काहीही न उघडता शंभर टक्के. चार जीबीतली तीन जीबी रॅम विंडोजनेच खाल्लेली. "बघ, तुझा प्रोसेसर अजून झोपलाय आणि डिस्क धापा टाकतेय. अडतंय कुठे ते आधी बघायचं, पैसे मग." मुलगा पुढे सरसावून बघायला लागला. मीही.

त्यानंतरचा अर्धा तास मला लख्ख आठवतो. काकांनी एसएमपीएस, म्हणजे विजेचा डबा, स्क्रू काढून बाहेर घेतला आणि माझ्यासमोर आडवा ठेवला. त्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलेलं. "ताई, तुम्ही हिशेबाच्या माणूस म्हणता ना? हे वाचा." बोट ठेवलं ते खालच्या बारीक तक्त्यावर. ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट, आणि प्रत्येकाखाली अँपिअर. "कार्ड आणि प्रोसेसर जेवतात ते बारा व्होल्टवर. किती अँपिअर आहेत बाराखाली?" चौदा होते. "गुणा." बारा चोक अठ्ठेचाळीस, बारा दाहे एकशेवीस: एकशे अडुसष्ट. "हा तुमचा खरा डबा. १६८ वॅटचा. ४५० फक्त स्टिकरवर."

मग त्यांनी कागदावर दोन ओळी मांडल्या. भावाचं जुनं कार्ड ६६ वॅटचं, आयथ्री ६५ वॅटचा, बेरीज १३१. म्हणून दहा वर्षं निभावलं. आणि मुलाला हवं असलेलं आरएक्स ५८० एकट्याने १८५ वॅट मागतं. सगळा डबा त्याला दिला तरी पुरा पडत नाही. "हे बसवलं असतंत तर गेम सुरू करताच मशीन बंद. आणि असला डबा जाताना एकटा जात नाही, बोर्ड घेऊन जातो." झाकण उघडून त्यांनी आतले कपॅसिटर दाखवले. दोघांची डोकी फुगलेली होती, एकाच्या कडेने तपकिरी डाग सुटलेला.

आयुष्यभर मी ताळेबंद तपासले आहेत. वर ठळक आकडा आणि खाली बारीक अक्षरातला खरा आकडा, हा प्रकार मला नवीन नव्हता. तो डब्याच्या अंगावरही वाचता येतो हे मला त्या दिवशी कळलं, आणि शिकवणाऱ्याने त्याबद्दल एक पैसा घेतला नाही.

यादीवर पेन्सिल फिरली. काचेचं कॅबिनेट आणि दिवे गेले. सोळा जीबी रॅम गेली. त्या बोर्डाला रॅमच्या दोनच खाचा, एकीत चार जीबीची पट्टी होती. तशीच दुसरी जुनी पट्टी टाकली की आठ जीबी होते, शिवाय दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते, एका पट्टीवर एकच वाट. आयसेव्हन गेला. त्याच्या जागी आयफाइव्ह-३४७०, कुठल्या तरी ऑफिसच्या मोडीत निघालेल्या मशीनमधला. चार कोअर, आणि या गेमना चारच पुरतात. एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, घ्यायची, पण सगळ्यांत स्वस्त चांगली, २४० जीबीची. एच-६१ बोर्डावर साटाचा वेग सेकंदाला तीन गिगाबिटपर्यंतच, महागडी घेतली तरी बोर्ड तिला पळू देणार नाही. विंडोज आणि गेम तिच्यावर, बाकीचं जुन्या हार्डडिस्कवर. आणि यादीत मुळात नव्हता तो एसएमपीएस, चांगल्या कंपनीचा, नवा कोरा, सगळ्यांत आधी.

कार्डाशी येऊन मुलगा थोडा अडला. काकांनी ट्रेमधून जीटीएक्स ७५० टीआय काढलं होतं. २०१४ सालचं, दोन जीबीचं. आठ जीबीचं स्वप्न बघणाऱ्याला ते खेळण्यासारखं वाटणारच. काकांनी त्याला कमी लेखलं नाही, शेजारी बसवून समजावलं. हे कार्ड साठ वॅटचं. त्याला वेगळी वायर लागत नाही, बोर्डाच्या खाचेतून पंचाहत्तर वॅटपर्यंत मिळतात त्यावर भागतं. दुसरं कारण मला फार आवडलं. इथेरियमची कामाची फाइल वर्षागणिक वाढत जाऊन दोन जीबीच्या कार्डात मावेनाशी होऊन बराच काळ लोटला होता. त्यामुळे असली कार्डं अलीकडच्या मायनिंगवाल्यांनी रात्रंदिवस पिळलेली असण्याची शक्यता फार कमी. "आठ जीबीवाली सगळी खाणीतून आलीत. स्वस्त आहेत, पण कुठलं कधी जाईल माझ्याने सांगवत नाही. याची मी महिनाभराची टेस्टिंग वॉरंटी देतो." मग कार्ड बेंचवर लावून, पूर्ण ताण देऊन चालवून दाखवलं. तापमान किती चढतं, पंखा खरखरतो का, पडद्यावर ठिपके येतात का, हे मुलाला स्वतः बघायला लावलं.

प्रोसेसर बदलण्याआधी बोर्डाचा बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम, अपडेट करायचा होता. आयफाइव्ह पुढच्या पिढीचा. जुन्या बायोसला तो ओळखू आला नसता आणि पडदा काळाच राहिला असता. म्हणून हे काम जुना आयथ्री जागेवर असतानाच उरकायचं. मशीन यूपीएसवर घेतलं. काकांनी टेबलावरचा चहाचा ग्लाससुद्धा उचलून खाली ठेवला. "आता कुणी टेबलाला हात लावायचा नाही. मध्येच लाइट गेली तर बोर्ड मेला." रोज असंख्य बोर्ड हाताळणारा माणूस त्या काही मिनिटांत पडद्यावरची निळी पट्टी सरकताना अगदी न हलता बघत होता. दुसऱ्याच्या दहा वर्षं जुन्या, बाजारात हजाराच्या आतबाहेर किंमत असलेल्या बोर्डासाठी. मी तेव्हाच मनात म्हटलं की भावाने माणूस बरोबर निवडला होता.

जुना हीटसिंक उचलला तर खालची पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. ती त्यांनी स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, पाठ चकाकेपर्यंत. आयफाइव्ह बसवला, वाटाण्याएवढी नवी पेस्ट ठेवली आणि पंख्याच्या चार खुंट्या मुलाला दाबायला दिल्या. एकीच्या मागून तिरकी समोरची, अशा क्रमाने. चौथी 'टक्' करून बसली आणि मुलाच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याच्या दहावीच्या निकालालाही पाहिलं नव्हतं.

बिल झालं ते असं: एसएमपीएस २,२००, एसएसडी १,६००, प्रोसेसर १,४००, रॅम ५००, कार्ड ३,०००, मजुरी ३००. एकूण ९,०००. एक हजार त्यांनी मला परत दिले. मी म्हटलं, राहू द्या काका, दिवसभर बसलात. तर म्हणाले, "मजुरी लावलीय की." तेवढ्यावर विषय संपला.

मग त्यांनी एक गोष्ट मागितली. काढलेला आयथ्री ठेवून घेऊ का, असं विचारलं. त्यांच्या गावच्या शाळेत कॉम्प्युटर नव्हते म्हणून ते असे उतरवलेले प्रोसेसर, रॅमच्या पट्ट्या, छोट्या हार्डडिस्क गिऱ्हाइकाला विचारून जमा करत होते. सुटे भाग जुळले की एक मशीन उभं राहायचं, आणि गणपतीला गावी जाणाऱ्या एखाद्या चाकरमान्याच्या सामानातून देवगडला पोचायचं. त्या माळ्यावर मागच्या फळीवर अर्धवट जुळवलेली दोन मशीन होतीही. मी आयथ्री दिला. भावाला त्या रात्री फोन करून सांगितलं, तर तो बराच वेळ काही बोललाच नाही.

घरी त्याच संध्याकाळी सात वाजता नागपूरचा मित्र ऑनलाइन होता. ७५० टीआयवर 'रॉकेट लीग' साठ फ्रेमने चाललं. मशीन सुरू व्हायला पूर्वी चहा होईपर्यंत वेळ लागायचा, आता गॅस पेटवेपर्यंत पडदा येतो. त्या कार्डाने मुलाची बारावी होईपर्यंत साथ दिली. आता तो डिप्लोमा केलेल्या मुलांसारखा एसएमपीएसचं लेबल आधी वाचतो, आणि इमारतीतल्या कुणाचा कॉम्प्युटर हळू झाला की त्याला बोलावणं येतं. तोही आधी टास्क मॅनेजर उघडून नुसता बसतो. नवीन घ्या म्हणण्याऐवजी दीड हजाराच्या एसएसडीवर किती घरांची मशीन त्याने वाचवली हे बघताना मला काकांचीच बोलण्याची पद्धत ऐकू येते.

माझ्याकडून जे झालं ते थोडं आहे. आमच्या पतसंस्थेत जुने कॉम्प्युटर बदलले गेले. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद, संचालक मंडळाच्या सभेत निर्लेखनाचा ठराव आणि मग वजनावर भंगारात, हा शिरस्ता. मी टिपणी ठेवली की भंगाराच्या भावाने ते एका शाळेला द्यावेत. पैसे भरायची तयारी दाखवली, ठराव झाला. काकांना फोन केला तेव्हा त्यांनी आभारही मानले नाहीत, आधी विचारलं, "हार्डडिस्क काढल्यात का? सभासदांची माहिती असेल त्यात. त्या तुमच्याकडेच फोडा, मला नकोत." त्या आम्ही साहेबांसमोर भोकं पाडून निकामी केल्या, तसा पंचनामा केला आणि मग मशीन दिली.

२०२४ मध्ये काकांनी भाड्याचा गाळा सोडला आणि ते गावी राहायला गेले. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. आमच्या आयफाइव्हवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, तशी ती शाळेतल्या मशीनवरही चालत नाही. मुलाने सुट्टीत देवगडला जाऊन तिथल्या सगळ्या मशीनवर लिनक्स मिंट टाकलं, देवनागरी कीबोर्ड बसवला. काका शेजारी खुर्ची टाकून बसले होते. मुलाने प्रवासखर्च घेतला नाही म्हणून रागावले, आणि त्याला न सांगता त्याच्या बॅगेत कोकमाच्या बाटल्या भरल्या. म्हणजे मी फेडायला जाते आणि खातं पुन्हा माझ्याच नावे वाढतं.

तुमच्या कार्यालयाच्या डेडस्टॉकमध्ये दहा-बारा वर्षांचे कॉम्प्युटर पडून असतील, तर ते वजनावर घालवू नका. हार्डडिस्क काढून घ्या, रीतसर ठराव करा आणि उरलेलं मशीन जवळच्या एखाद्या शाळेला विचारून द्या. आठ जीबी रॅम आणि एक साधी एसएसडी टाकली की त्यावर मुलं शिकतात, आणि शाळा सुटल्यावर थोडा वेळ खेळतातही.